बुलेट ट्रेन ब्रॉडगेजवर का धावणार नाही?

हिवरखेड : मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग 508 किलोमीटरचा, स्थानके 12, वेग ताशी 320 किलोमीटर. पण तिच्या दोन रुळांत जपानच्या शिंकान्सेनप्रमाणे 1,435 मिलिमीटर अंतर. आपल्या ब्रॉडगेजचे 1,676. त्यामुळे तिला स्वतंत्र मार्गच लागतो.

रुळांची रुंदी बदलली की काय होते, हे हिवरखेडकर जाणतात. येथून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी 2017 मध्ये बंद झाली. 2022 मध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, ती अकोटपर्यंतच. पुढचा जुना मार्ग मेळघाटच्या जंगलातून जातो. वाघांसाठी तो टाळून हिवरखेड, सोनाळा, जामोदमार्गे रेल्वे न्यावी, असा पर्याय पुढे आला आणि वादात काम रखडले. मार्ग कोणताही ठरो, हिवरखेड दोन्हींवर आहे.