पणजीतील आबे फारिया यांचा पुतळा

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या म्हणजे मूळच्या आदिलशाही राजवाड्याच्या शेजारी असलेला आबे फारिया यांचा ब्राँझचा पुतळा कॅथलिक धर्मगुरूंच्या रूढ स्मारकांहून सर्वस्वी वेगळा आहे. कारण त्यात आशीर्वादाची संथ मुद्रा नसून, पायघोळ झग्यातील एक पुरुष मागे कलणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून झेपावलेला दिसतो. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो पोर्तुगीज राजवटीतच, १९४५ मध्ये घडवला.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे झाला आणि १७८० मध्ये रोममध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. 'आबे' ही फ्रेंच भाषेत धर्मगुरूला लावली जाणारी उपाधी होय. मेस्मर या वैद्याच्या प्रभावामुळे, शरीरातून वाहणारा एक अदृश्य चुंबकीय द्रव माणसाला विलक्षण अवस्थेत नेतो, अशी समजूत त्या काळी युरोपात पसरली होती. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या फारियांनी ती नाकारली आणि संमोहन, म्हणजे सूचनेने येणारी निद्रासदृश अवस्था, ही प्रयोगकर्त्याच्या शक्तीतून नव्हे, तर ती सूचना स्वीकारणाऱ्याच्या मनातून उपजते, असे प्रतिपादन केले. उपहास सोसत, १८१९ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

कामतांच्या शिल्पातील नाट्य अस्सल आहे, मात्र त्या पसरलेल्या हातांमुळे सामर्थ्य हातांतच असल्याचा भास होतो. फारियांचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. म्हणून पुतळ्यापुढे थांबणाऱ्याने त्या स्त्रीकडेही तितकेच निरखून पाहावे.