कच्छच्या रणातली रेघ

१९६५च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तानच्या फौजा भिडल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मधे पडले आणि ३० जूनला करार झाला: आधी शस्त्रसंधी, आणि आपसात जमलं नाही तर रणातली सीमा तीन जणांचा लवाद ठरवील. दोनच महिन्यांनी दोन्ही देशांत पूर्ण युद्ध पेटलं, तरी हा करार टिकला. त्या वर्षीचं युद्ध आपल्याला आठवतं, लवाद आठवत नाही. सीमावाद कायद्याने कसा सुटतो हे पाहायचं, तर मात्र या लवादाकडेच वळावं लागतं.

पहिली पायरी संमतीची. देशांच्या डोक्यावर दिवाणी न्यायालय नसतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही कोणत्याही देशाला त्याच्या संमतीवाचून उभं करता येत नाही. त्यामुळे पंच कोण आणि त्यांना प्रश्न कोणता विचारायचा, यावरच बरीच घासाघीस होते. कच्छच्या बाबतीत ठरलं असं की प्रत्येकाने एकेक पंच सुचवायचा, पण तो दोन्हींपैकी कोणत्याही देशाचा नागरिक नसावा. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर सुचवले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला एन्तेझाम. अध्यक्षाच्या नावावर एकमत होईना, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांना नेमलं. निवाडा बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणाने त्यावर शंका घेतली जाणार नाही, हेही दोघांनी आधीच लिहून दिलं होतं.

जिनिव्हात सुनावणी सुरू झाली. पाकिस्तानचं म्हणणं, रण म्हणजे मुळात समुद्रच; पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, तेव्हा सीमा मधोमध, साधारण २४ अंश अक्षांशावरून जायला हवी. या हिशेबाने सुमारे ३,५०० चौरस मैल पाकिस्तानकडे जात होते. भारताचं म्हणणं, सगळं रण कच्छ संस्थानचं. सीमा त्याच्या उत्तरेच्या काठावर. भारताच्या बाजूने मुंबईचे वकील नानी पालखीवालाही उभे राहिले होते.

आता पंच पाहतात काय? समुद्र की जमीन या भूगोलाच्या वादात ते फार अडकले नाहीत. नवे देश जन्मतात तेव्हा जुन्या सत्तेने आखलेल्या सीमाच त्यांच्या वाट्याला येतात, हा सर्वसाधारण नियम. म्हणून खरा प्रश्न असा की १९४७च्या आधी सिंध आणि कच्छ यांच्यामधली सीमा कुठे होती? सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मुंबई सरकारचे जुने ठराव, सर्वेक्षणं, पत्रव्यवहार आणि नकाशे ढिगाने बाहेर निघाले.

गावाकडे बांधाच्या भांडणात सातबाऱ्याइतकीच वहिवाट विचारली जाते. इथेही तेच झालं. नकाशा महत्त्वाचा, पण तो कोणी काढला, कोणाच्या अधिकारात छापला आणि पाहून दुसरी बाजू काय बोलली, हे त्याहून महत्त्वाचं. सिंधचे मालक ब्रिटिश. कच्छचा राव रण आपलं म्हणत होता, ब्रिटिशांचे अधिकृत नकाशेही रण कच्छमध्ये दाखवत होते आणि सिंधच्या वतीने कुणी ठाम हरकत घेतली नव्हती. हे मौन पाकिस्तानला भोवलं. १९६२ साली हेगच्या न्यायालयाने प्रेआ विहिआरचं मंदिर कंबोडियाला दिलं, तेही याच तर्काने: फ्रेंचांनी काढलेला नकाशा सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, घेतला आणि वर्षानुवर्षं त्यावर आक्षेप घेतला नाही.

पण वहिवाट उलटीही फिरते. धारा बन्नी आणि छाड बेट या रणातल्या उंचवट्यांवर गवत उगवतं. तिथे शंभराहून अधिक वर्षं सिंधची गुरं चरत होती, सिंधचे अंमलदार लक्ष ठेवून होते आणि कच्छच्या रावाचा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणून हा भाग पाकिस्तानला गेला. नगर पारकरजवळ रणाच्या दोन खोल शिरा पाकिस्तानच्या भूमीत घुसतात. त्या भारताकडे ठेवल्या तर तो प्रदेश दोन्हीकडून वेढला जाईल आणि कटकटी वाढतील, म्हणून न्यायबुद्धीने त्याही पाकिस्तानला मिळाल्या. माझ्या मते निवाड्यातला हा सर्वांत नाजूक भाग. इथे कागद मागे पडतो आणि पंचाची समज बोलू लागते.

१९ फेब्रुवारी १९६८ला निवाडा झाला, दोन विरुद्ध एक मतांनी. बेबलर यांनी भारताचा दावा पूर्ण मान्य केला होता. एन्तेझाम अध्यक्षांच्या बाजूने गेले. वादातल्या भागापैकी साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानला, उरलेला भारताला. आपल्याकडे संताप उसळला, सत्याग्रह झाले. मग सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला: जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती नको का? बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात १९६० साली न्यायालय तसंच म्हणालं होतं. १९६९ मध्ये मात्र न्यायालयाने फरक केला. आपला मुलूख दुसऱ्याच्या हवाली करणं निराळं आणि वादात असलेली सीमा कुठून जाते ते पंचाने सांगणं निराळं. दुसऱ्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. त्यानंतर दोन्ही देशांच्या पथकांनी रणात सीमास्तंभ उभे केले.

पश्चिम टोकाची सर खाडी या लवादापुढे नव्हती, कारण तिथली सीमा १९१४च्या मुंबई सरकारच्या ठरावाने ठरली आहे, यावर तेव्हा दुमत नव्हतं. दुमत पुढे झालं. त्या ठरावासोबतच्या नकाशावर हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते. पाकिस्तान तिच्यावर बोट ठेवतो. भारत १९२५चा नकाशा दाखवतो आणि नौका चालणाऱ्या प्रवाहाच्या मध्यावर सीमा धरतो. यावर ठरणार आहे समुद्रातली हद्दही. वाद दोघांनी आपसातच सोडवायचे असं ठरवणाऱ्या सिमला करारानंतर भारताला या वादात तिसरा नको आहे, त्यामुळे पंच नेमण्याची पहिलीच पायरी अजून ओलांडलेली नाही.