कोंबडी कुठली, किती दिवसांची?

कोलकात्यात एस्प्लनेडहून लिंडसे स्ट्रीटला वळलं की न्यू मार्केट लागतं. १८७४ साली साहेबांच्या बाजारहाटासाठी उघडलेल्या या मंडईत आज कोंबडीचे दोन भाव चालतात. एक भाव ‘पोल्ट्री’चा, म्हणजे ब्रॉयलरचा. दुसरा ‘देशी’चा, आणि तो बहुधा दुपटीच्या आसपास किंवा त्याहून चढा असतो. ब्रॉयलर पांढरा आणि छातीला रुंद, दिवसभर भुशावर बसून त्याच्या पोटाखालची पिसं विरळ झालेली. देशी रंगीत पिसांची, पायांनी बारीक, आणि चाचपून पाहिलं तर छातीचं हाड बोटाला टोचणारी. ही वाढत नाही ती देशी म्हणून आणि तो वाढतो तो विदेशी म्हणून, असं गिऱ्हाईक धरून चालतं, विकणाराही तेच सांगतो. गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशेब मांडला तर ही समजूत टिकत नाही. या दोन पक्ष्यांमधलं अंतर मायदेशाचं नाही. ते निवडीचं आहे, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच ताजं आहे.

‘विदेशी’ पक्ष्याची वंशावळ पाहिली तर तिच्यात आपलाच असील निघतो. झुंजीसाठी पाळलेला हा हाडापेराचा कोंबडा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेला. कॉर्नवॉल परगण्यात इतर जातींशी त्याचा संकर झाला आणि त्यातून जी जात निघाली तिला इंग्रज कित्येक वर्षं ‘इंडियन गेम’च म्हणत. आजचं तिचं नाव कॉर्निश. तिची भरदार छाती ही असीलची देणगी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा झाली. १९४८च्या अंतिम फेरीत व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश संकर पहिला आला, आणि मांसासाठी वेगळा पक्षी घडवण्याचा धंदा तिथून जोरात सुरू झाला. शुद्ध जातींत बाजी मारणाऱ्या आर्बर एकर्सचे पक्षी साठच्या दशकात पुण्यात आले. १९७१मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, तिचा कारभार पुढे पुण्यात स्थिरावला आणि कॉब कंपनीच्या वाणावरून ‘वेनकॉब’ देशभर पोचला. बंगालात आरामबागसारख्या हॅचऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे न्यू मार्केटातल्या पांढऱ्या ब्रॉयलरच्या अंगात थोडं का होईना हिंदुस्थानी रक्त आहेच, फक्त ते फार लांबचा फेरा घालून घरी आलं.

आता वाढीचा पुरावा. ‘चांगला खुराक दिला तर गावठीही तेवढीच वाढेल’ हा आक्षेप नेहमीचा, आणि त्याचं उत्तर देणारा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. १९५७च्या काळातला ब्रॉयलर एका राखीव कळपात जसाच्या तसा जपून ठेवला होता. तो आणि २००१चा रॉस ३०८ असे दोन्ही पक्षी १९५७च्या खाद्यावर आणि २००१च्या खाद्यावर वाढवले. बेचाळीस दिवसांत जुना पक्षी जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम भरला आणि नव्या खाद्यावर जेमतेम ५७८. नवा पक्षी मात्र जुन्याच खाद्यावर २,१२६ ग्रॅम गेला, नव्यावर २,६७२. वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक आनुवंशिकतेचा, उरलेला खुराकाचा, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. १,८१५ ग्रॅम वजन गाठायला नव्याला ३२ दिवस लागतात आणि किलोमागे सुमारे दीड किलो खाद्य. जुन्याला १०१ दिवस आणि जवळजवळ साडेचार किलो. ब्रॉयलरला ‘हार्मोनची सुई’ देतात ही दंतकथा याच आकड्यांनी निकालात निघते. सुईची गरजच उरत नाही, आणि हजारो पक्ष्यांना रोज टोचत बसणं कुठल्याच शेडवाल्याला परवडणार नाही. पण याच प्रयोगात दुसरी गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. ५३९ ग्रॅम भरणारा तो पक्षी अस्सल अमेरिकी होता. आपल्याकडची वनराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, सहा आठवड्यांत नीट सांभाळली तर सातशे ग्रॅमच्या आसपास जाते. विदेशी असणं हेच वाढीचं कारण असतं, तर १९५७चा अमेरिकी पक्षी तिच्या मागे पडला नसता.

मग देशी जातींचं काय? बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या नोंदींत वीस आठवड्यांचा असील सुमारे १,२२० ग्रॅम आणि कडकनाथ सुमारे ९२० ग्रॅम. पाच महिन्यांत किलोभर. आकडा लाजिरवाणा वाटतो खरा, पण असीलची निवड शतकानुशतकं झाली ती लढण्यासाठी, आणि परसातल्या कोंबडीची निवड झाली ती उकिरड्यावर पोट भरून, घारी-मुंगसांपासून जीव वाचवून पिल्लं मोठी करण्यासाठी. वजनासाठी तिची पिढ्यान्‌पिढ्या निवड कोणी केलीच नाही. सरकारी केंद्रांनी बराच काळ ऱ्होड आयलंड रेडसारखे बाहेरचे नर वाटून संकर करण्यावर भर दिला. देशी वाणातल्या वाणातच वजनदार पक्षी निवडत राहण्याचं काम संथ, खर्चिक आणि उद्घाटनाची फीत कापायला फारसं उपयोगी नसलेलं. ते मागे पडलं. गंमत अशी की बाजाराने देशीपणाची व्याख्या आपली आपण सैल करून टाकली. बांगलादेशात घडलेली आणि बंगालातही रुळलेली ‘सोनाली’ ही ऱ्होड आयलंड रेड नर आणि इजिप्तची फायोमी मादी यांचा संकर. आईबाप दोन खंडांतले, पण पिसं रंगीत आणि मांस घट्ट, म्हणून ती देशीच्या पंक्तीला बसते.

ब्रॉयलरने गावठीला संपवलं, हे विधानही आकड्यांशी जुळत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशभरातले परसातले पक्षी सुमारे ३१.७ कोटी होते, २०१२पेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. व्यावसायिक पक्षी ५३.५ कोटी, वाढ साडेचार टक्के. यावर रास्त हरकत निघते: गणना एका वेळची असते, ब्रॉयलरच्या शेडमधून मात्र वर्षात पाच-सहा खेपा निघतात, आणि परसातल्या आकड्यात बदकं आणि सुधारित वाणही आले. हरकत मान्य. तरीही आज दोन किलोचा पक्षी पाच-साडेपाच आठवड्यांत हाती देणारं तंत्र पन्नास वर्षं शेजारी नांदत असताना परसातलं खुराडं रिकामं झालं नाही, एवढं त्यातून नक्की निघतं. २००८च्या जानेवारीत बर्ड फ्लू बीरभूममधून बंगालच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला आणि चाळीस लाखांवर पक्षी मारावे लागले. त्याआधी २००६मध्ये आपल्या नवापुरात झळ बसली ती मुख्यतः मोठ्या फार्मना. बंगालात ती घरोघरच्या खुराड्यांना बसली, आणि तरीही तिथली परसातली कोंबडी पुन्हा उभी राहिली.

चवीचा मुद्दा मी वाढीपासून वेगळा करत नाही. देशी मांसाचा चिवटपणा आणि रस्सा दाट करण्याचा गुण मोठ्या अंशी पाच महिन्यांच्या वयाचा आणि धावपळीचा आहे. ब्रॉयलर त्या वयापर्यंत ठेवायचा म्हटला तर त्याचं काळीज आणि पाय त्याच्याच वजनाला पुरे पडत नाहीत. इतक्या वेगाची किंमत पक्षी स्वतः मोजतो, आणि ती किलोच्या भावात धरली जात नाही. म्हणून दुप्पट भाव देणारं गिऱ्हाईक फसत नाही. ते दिवसांचे पैसे देतं, फक्त त्याला वाटतं की आपण जातीचे देतो आहोत.

मधला मार्ग म्हणून वनराजा, बेंगळुरूची गिरिराजा, केग फार्म्सचा कुरॉयलर पुढे आले, आणि खेड्यात ते गावठीहून खरंच लवकर वाढतात. मात्र त्यांच्या वाढीचे तक्ते पाहताना एक रकाना सहसा दिसत नाही. या माद्या खुडूक होऊन अंड्यांवर सहसा बसत नाहीत. गावठी कोंबडी दहा-बारा अंडी स्वतः उबवते, पिल्लं पंखाखाली घेऊन फिरवते आणि त्यासाठी कोणाला पैसा मागत नाही. सुधारित वाण पाळणाऱ्या घराला दर खेपेला हॅचरीतून पिल्लं विकत आणावी लागतात, आणि तो खर्च, वाटेतली मर, पहिल्या आठवड्यांची ऊब हे सगळं त्या जास्तीच्या वजनातून वजा करायचं असतं.