म्हाताऱ्या घोड्याची चंदी केव्हा बदलावी?

लग्नसराई संपून वरातीची घोडी ठाणाला उभी राहिली की किन्हवली, मुरबाडकडचे घोडेवाले एक प्रश्न हमखास विचारतात, "घोडी वाळत चाललीय, हरभरे वाढवू का?" या प्रश्नाचं उत्तर घोडीच्या तोंडात शोधावं लागतं.

आपला मुलूख बैलांचा. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलाची पारख करणारी माणसं इथं घरोघरी. पण बैलाचा अनुभव घोड्याला लावला की घोटाळा होतो. बैल रवंथ करतो, गिळलेला पेंढा पुन्हा तोंडात आणून बारीक करतो. घोड्याला चावायची संधी एकदाच. भाताच्या पेंढ्यात मुळात सत्त्व कमी, सिलिका भरपूर. तो अर्धवट चावून पोटात गेला तर आतड्यात त्याचा बोळा बसतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळे हा पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, आणि तेवढ्याच झिजतात. विशीच्या आसपास हा साठा संपत येतो. पण कुणाच्या दाढा सोळाव्या वर्षीच जातात, कुणी पंचविशीतही कडक गवत खातो. त्यातून बाजारात विकणाऱ्यानं सांगितलेलं वय किती खरं, हे सारंगखेड्याला जाऊन आलेल्यांना मी काय सांगावं! म्हणून वर्षं मोजून चारा बदलू नये, खुणा पाहाव्यात.

पहिली खूण गव्हाणीपाशी. चावून टाकलेले गवताचे ओले बोळे खाली पडलेले दिसतात. दुसरी लिदीत. लीद हातानं फोडून पाहा, लाज वाटून घेऊ नका. अख्खे हरभरे, बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या दिसल्या तर दाढांचं काम थांबलंय असं समजा. अशा वेळी हरभरे वाढवणं म्हणजे पैसे लिदीत घालणं. तिसरी खूण खोगिराच्या तंगाची. काम तेच असताना तंग एक भोक आत घ्यावा लागला, की तारीख लिहून ठेवा. हिवाळ्यात केस वाढले की बरगड्या झाकल्या जातात, पण तंग खोटं बोलत नाही.

तरीही लगेच चारा बदलू नका. आधी डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. पुष्कळदा दाढेची धार गालाला टोचत असते, ती कानशीनं घासली की घोडं पूर्वीसारखं खाऊ लागतं. जंतांचं औषध झालंय का, तेही पाहा.

दाढाच गेल्या असतील तर मात्र बदल हवा. पेंढा बंद करून चांगल्या वाळल्या गवताची कुट्टी पाण्यात भिजवून द्यावी. 300 किलोच्या घोड्याला दिवसाला 5 ते 6 किलो सुका चारा लागतो, तो चार-पाच वेळांत विभागावा. हरभरे भरडून रात्रभर भिजवावेत. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर भागवू नये. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं, महिनोन्महिने तोच दिला तर हाडं ठिसूळ होतात.

हा बदल दहा-बारा दिवसांत, रोज थोडा जुना काढून थोडा नवा घालत करावा. घोड्याचं चाऱ्याचं पचन मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं, त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. मृगाच्या पावसानंतरच्या कोवळ्या हिरवळीवर घोडं एकदम सोडू नये ते याचसाठी.

एक गोष्ट बजावून सांगतो. शेजारच्या पोल्ट्रीतलं उरलेलं खाद्य स्वस्तात मिळतं म्हणून घोड्याला घालू नका. त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे.

नवी चंदी सुरू केल्यावर दर पंधरवड्याला तंग पाहा. दीड महिन्यानंतरही तो आतच जात असेल तर दोष चाऱ्यात नाही, रक्त तपासायला हवं.