गोदाकाठची प्रार्थनास्थळं : शरणपूर

मागच्या आठवड्यात आपण द्वारका चौकातून पुणे रस्त्याने निघालो आणि नाशिक रोडच्या बाळ येशूपर्यंत गेलो. फेब्रुवारीतली तिथली यात्रा पाहिली आणि १९८७ साली पुण्यापासून वेगळा झालेला नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांतही समजून घेतला. आज त्याच चौकातून उलट्या अंगाला, शहरात वळू. शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च कॅथलिक नाही, ते प्रोटेस्टंट परंपरेतलं आहे. पण नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाचा शोध इथं आल्याशिवाय पुरा होत नाही.

शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात, पण त्या नावाचा अर्थ क्वचितच कुणाच्या मनात येतो. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ही वस्ती वसवली. धर्मांतरानंतर घरादाराला मुकलेल्यांना इथं आसरा मिळाला. पुढे आसरा मागायला आली ती समुद्रापलीकडची मुलं.

पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांतून विकायला नेली जात. ब्रिटिश नौदल ती गलबतं अडवी आणि गुलामांना सोडवी. पण सुटलेल्या लेकरांना परत कुठं सोडणार? गाव दूर, आईबापांचा पत्ता नाही, वाटेत पुन्हा पकडले जाण्याची भीती. त्यातली बरीच मुलं मुंबईला उतरवली गेली आणि काहींना १८६० नंतर शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात धाडलं गेलं. तिथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकामही शिकली.

१८६५ मध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आले. आफ्रिकेच्या आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी त्यांनी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. त्यांची नावं वाचताना मी थांबतो : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइस आणि आयझेनबर्ग ही नाशिकच्या मिशनऱ्यांची आडनावं. मुलांना आसरा मिळाला, अक्षरं मिळाली. आईने हाक मारलेलं नाव मात्र बहुतेकांचं कागदावर उरलं नाही. शरणपूरचा इतिहास सांगताना मिळालेलं आणि हरवलेलं, दोन्ही सांगायला हवं.

१८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीतही नाशिकची मुलं होती. जेकब वेनराइट त्यांच्यातला. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी मीठ लावून, उन्हात वाळवून मृतदेह टिकवला आणि तो खांद्यावर घेऊन समुद्राकडे निघाले. हजार मैलांहून जास्त वाट, आजार आणि उपासमार सोसत चाललेली. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. या प्रवासाची रोजनिशी जेकबने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत तो होता, आणि त्या आठांत आफ्रिकन तो एकटाच. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा गोदाकाठी शिकला आणि तिथवर पोचला.

१८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. वाटाघाटी करणारे सर बार्टल फ्रियर मुंबईचे माजी गव्हर्नर होते. पुढच्याच वर्षी प्राइस यांना मोंबासाला धाडण्यात आलं. सुटका झालेल्या गुलामांसाठी त्यांनी तिथं वस्ती उभी केली, तिचं नाव फ्रियर टाउन. तिच्या उभारणीत शिक्षक, धर्मोपदेशक आणि कारागीर म्हणून पुढे होते नाशिकला वाढलेले आफ्रिकन. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. म्हणजे शरणपुरात आसरा मिळालेल्यांनीच समुद्रापार दुसरं शरणपूर वसवलं.

फ्रियर टाउनची घंटा मोंबासात अजून आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांचं गलबत दिसलं की ती वाजे. त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. नाशिकच्या शाळांमध्ये लिव्हिंगस्टनचं नाव शिकवलं जातं, तिथं जेकब वेनराइटचंही शिकवलं जावं. तो आपल्याच गावात शिकलेला मुलगा होता.

(पुढच्या आठवड्यात : लक्ष्मीबाई टिळकांचं नाशिक)