वाऱ्यापुढे तंबूची उंची

दिव्याहून रोह्याची गाडी धरून कोकणकिनारी तंबू ठोकायला जाणारे दुकानात आधी कापडाची जाडी विचारतात. वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच सपाट भिंतीवर साधारण 45 किलोंचा भार येतो. ताशी 80 ला तोच 180 किलो. आणि वळवाचा वारा सांगून येत नाही, हे 13 मे 2024 ला मुंबई-ठाण्याने पाहिलेच. म्हणून मोठा तंबूही बुटका, उतरत्या भिंतींचा आणि एकमेकांना छेदणाऱ्या काठ्यांचा घ्यावा.

‘तंबू जड असला की झालं’ हे म्हणणं टिकत नाही. 15-20 किलो वजन 180 पुढे काय करणार? भार पेलतात ते तणावे आणि खुंट्या. जांभ्यात खुंटी शिरत नाही, वाळूतून उपटून येते. तंबू वाळूत असेल तर वाळू भरलेली पिशवी पुरून तिला तणावा बांधावा. बुटक्या तंबूत ताठ उभं राहता येत नाही, ही तक्रार मात्र खरी. तरी आठ जणांना एका उंच तंबूपेक्षा चौघांचे दोन बरे. अर्थात 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’सारखं चक्रीवादळ येणार असेल, तर कुठलाच तंबू नको.