दुसऱ्यांच्या पुस्तकांपायी

1971 म्हटलं की मराठी माणसाला वेस्ट इंडीजचा दौरा आठवतो. वाडेकरांच्या संघानं पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी जिंकली, पुढे मालिकाही जिंकली. गावसकरांनी चार कसोट्यांत 774 धावा काढल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘न्यू बीकन बुक्स’ या छोट्या प्रकाशनानं पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सामान्य वस्तीवरची एक जुनी कादंबरी पुन्हा छापली. ती होती 1936 साली निघालेली आणि नंतर दुर्मीळ झालेली ‘मिंटी ॲली’. तिचे लेखक सी. एल. आर. जेम्स, म्हणजे आपल्या क्रिकेटवेड्यांना ‘बियाँड अ बाउंडरी’मुळे माहीत असलेले तेच जेम्स.

कॅरिबियन साहित्याची ओळख करून देताना वॉलकॉट (1992) आणि नायपॉल (2001) यांच्या नोबेलपाशी थांबायची सवय आपल्याला लागली आहे. पण या बेटांवर लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती छापणाऱ्यांची, विकणाऱ्यांची, जपून ठेवणाऱ्यांची. वॉलकॉटचा पहिला संग्रह 1948 साली निघाला तो शिक्षिका असलेल्या आणि शिवणकामही करणाऱ्या आईनं उभ्या केलेल्या दोनशे डॉलरांवर. छपाई त्रिनिदादला झाली आणि प्रती विकल्या त्या कोवळ्या वयातल्या कवीनं स्वतःच. त्या कवितांची मनापासून दखल घेतली ती बार्बाडोसचे शिक्षक फ्रँक कॉलिमोर यांनी. 1942 साली सुरू झालेलं ‘बिम’ हे नियतकालिक त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. तिकडे गयानात ए. जे. सीमोर यांचं ‘कायक-ओव्हर-ॲल’ होतं. कॅरिबियन साहित्य वाढलं ते अशा नियतकालिकांच्या अंगणात.

पण बेटाबेटांमधलं अंतर मोठं होतं. ते बुजवलं रेडिओनं. जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन यांनी युद्धकाळात बीबीसीवर ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम सुरू केला. 1946पासून आठ वर्षं हेन्री स्वान्झी या आयरिश माणसानं तो चालवला. त्रिनिदादहून निघालेली कविता आधी किंग्स्टनला ग्लॅडिस लिंडो यांच्या हाती पडे, मग लंडनला जाई आणि तिथून लघुलहरींवर पुन्हा बेटांवर येई. सेल्व्हन, लॅमिंग, वॉलकॉट असे सगळे लेखक या वाटेनं आले. स्वान्झींनंतर संपादक झालेल्या नायपॉलनी ‘मिगेल स्ट्रीट’ची पहिली कथा बीबीसीच्या खोलीत, बीबीसीच्याच कागदावर टंकली. मानधनही मिळे, आणि तेव्हाच्या लेखकाला त्याचं मोल फार होतं. तरीही एक गोष्ट खटकते. आपल्या गल्लीतली कथा चांगली की वाईट याचा निवाडा हजारो मैलांवर होत होता.

हा निवाडा आपल्या हाती असावा असं जॉन ला रोझ यांना वाटलं. त्रिनिदादच्या या कामगार चळवळीतल्या कवीनं सारा व्हाइट यांच्यासह 1966 साली ‘न्यू बीकन’ काढलं. नाव घेतलं ते 1931च्या त्रिनिदादी मासिकावरून, ज्यात तरुण जेम्स लिहीत होते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं पुनर्मुद्रणाचं काम. जेम्स अँथनी फ्रूड या इंग्रज इतिहासकारानं वेस्ट इंडीजमधली काळी माणसं स्वराज्याला लायक नाहीत, असं लिहिलं होतं. त्याला त्रिनिदादचे शाळामास्तर जॉन जेकब थॉमस यांनी 1889 साली पुस्तकभर उत्तर दिलं. ते उत्तर विस्मरणात गेलं होतं. न्यू बीकननं ऐंशी वर्षांनी ते वाचकांच्या हाती ठेवलं.

गयानाचे जेसिका आणि एरिक हंटली यांची कहाणी वेगळ्या धगीची आहे. 1968 साली जमैका सरकारनं वॉल्टर रॉडनी या तरुण इतिहासकाराला देशात परत येऊ दिलं नाही. हंटलींनी पुढच्याच वर्षी त्याची भाषणं पुस्तकरूपात काढली आणि त्यातून ‘बोगल-लूव्हर्चर’ प्रकाशन उभं राहिलं. 1980 साली रॉडनीची हत्या झाल्यावर त्यांनी आपल्या पुस्तकांच्या दुकानाला त्याचं नाव दिलं.

आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र लीड्सची आहे. 1838पासून गयानात आणि 1845पासून त्रिनिदादमध्ये गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातून. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या लेखनावर जेरेमी पॉइंटिंग या इंग्रज अभ्यासकानं प्रबंध लिहिला आणि 1985 साली ‘पीपल ट्री प्रेस’ काढलं. पहिलं पुस्तक होतं रूपलाल मोनार यांचं, गयानाच्या ऊसमळ्यांतल्या माणसांच्या कथांचं. मग महादाई दाससारख्या कवयित्री आल्या. दुर्मीळ अभिजात पुस्तकांची मालिकाही आली. याच घरातल्या रॉजर रॉबिन्सन यांच्या संग्रहाला 2019चा टी. एस. एलियट पुरस्कार मिळाला, तर मोनिक रॉफी यांची ‘द मरमेड ऑफ ब्लॅक काँच’ 2020च्या कोस्टा पुरस्कारांत वर्षाचं पुस्तक ठरली. लंडनच्या बड्या प्रकाशकांपुढे लीड्सच्या या छोट्या घरानं हे मिळवलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

2011पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच ‘बोकास लिट फेस्ट’ भरतो. तो उभा केला मरिना सलांडी-ब्राउन यांनी. कॅरिबियन साहित्याची सेवा करणाऱ्यांसाठी तिथे एक पुरस्कारही आहे. ला रोझ आणि व्हाइट, प्रकाशक मार्गारेट बझ्बी, पॉइंटिंग अशा माणसांना तो मिळाला आहे. लेखकांच्या गर्दीत प्रकाशक-संपादकांना मंचावर बोलावणारा हा सोहळा मला फार थोर वाटतो. पुरस्कार हेन्री स्वान्झींच्या नावाचा आहे, आणि त्यांची योग्यता वादातीत आहे. पण ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ सुरू केला तो ऊना मार्सन यांनी. त्या नावाशेजारी त्यांचंही नाव हवं होतं.